जुन्या जीपचा गिअरबॉक्स : सामान मिळते, पण ओळखून मागावे लागते



सुगी आटोपली, धान्य घरात आले, की रखडलेल्या कामांची आठवण होते. बऱ्याच घरी असे एक काम शेडाच्या कोपऱ्यात उभेच असते. थोरल्या काकांनी कधी काळी सरकारी लिलावात घेतलेली जीप. टायर बसलेले, बॉनेटवर कोंबड्या, आत रिकामी पोती. इंजिन एकवेळ चालू होते, पण गिअर पडत नाही. पडला तर टिकत नाही. मिस्त्री खाली वाकून पाहतो आणि सांगतो, ‘‘याचे सामान बंद झाले.’’ मग भंगारवाला येऊन वजनाचा भाव सांगतो आणि घरात दोन तट पडतात. म्हातारी मंडळी म्हणतात राहू द्या, तरणी म्हणतात जागा अडते.

आज त्याच गिअरबॉक्सचे बोलायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. जीपच्या गिअरबॉक्सचे सामान दुर्मिळ झाले आहे हे खरे, पण ते संपलेले नाही. दहांतल्या सात घरी अडते ते सामानावाचून नव्हे, तर आपल्याला नेमके काय हवे हे कोणालाच सांगता येत नाही म्हणून. ‘जीपचा गिअर द्या’ असे म्हणून दुकानात जाणे म्हणजे ‘बियाणे द्या’ म्हणून कृषी केंद्रात जाण्यासारखे आहे. कोणते बियाणे, हे सांगायला नको?

म्हणून आधी थोडी वंशावळ पाहू. जीप मुळात अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा काढल्या. युद्ध संपले त्या १९४५ सालीच विलीजने साध्या नागरिकांसाठी ‘सीजे-२ए’ नावाची जीप आणली, आणि तिचे पहिले गिऱ्हाईक कोण धरले होते, तर शेतकरी! नांगर ओढा, मागे पट्ट्याची पुली लावून यंत्र चालवा, आणि बाजारच्या दिवशी तीच गाडी घेऊन गावात जा, असा तो हिशेब होता. आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत, माझगावला, बाहेरून आलेले सुटे भाग जोडून जीपा उभ्या करायला सुरुवात केली. पुढे ‘सीजे-३बी’ ही उंच बॉनेटची जीप इथेच बनू लागली. तिच्यातले इंजिन आधीच्यापेक्षा उंच, म्हणून बॉनेटही वर उचललेले. अमेरिकेत ही गाडी १९५३ साली निघाली आणि १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र तोच सांगाडा, कधी इंजिन बदलून तर कधी नाव बदलून, त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला. जपानात मित्सुबिशीने आणि तिकडे तुर्कस्तानातही हीच जीप बनवली.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की ज्या गिअरबॉक्सला मिस्त्री ‘बंद झाला’ म्हणतो, त्याचे दात इतक्या देशांत इतकी वर्षे कापले गेले आहेत. जगभर या गाड्यांचे हौशी लोक आहेत, त्यामुळे काही भाग आजही नवे बनतात. आपल्याकडचे व्यापारीसुद्धा जुन्या जीपचे सामान परदेशी पाठवतात. मग तुमच्या शेडातली जीप उपाशी का राहावी?

आता गाडीच्या पोटाखाली जाऊ. जीपमध्ये तीन दांडे दिसतात. लांब दांडा गिअरचा. शेजारचे दोन आखूड दांडे त्याच्या मागे जोडलेल्या दुसऱ्या डब्याचे, ज्याला ट्रान्सफर केस म्हणतात. इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते, तिथून ट्रान्सफरमध्ये, आणि तिथून तिला दोन वाटा फुटतात, एक मागच्या चाकांना आणि एक पुढच्या. आखूड दांड्यांपैकी एकाने पुढची चाके जोडायची, दुसऱ्याने चिखलासाठी गती कमी करून ताकद वाढवायची. तेव्हा ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणताना दोन डब्यांपैकी कोणता गेला, हे पहिले पाहा. लांब दांडा पहिल्या-दुसऱ्यात उडतो की सगळ्याच गिअरांत घरघर येते? एकाच गिअरात त्रास असेल तर दोष बहुधा पुढच्या डब्यात. चारही चाके जोडल्यावरच आवाज येत असेल तर मागचा डबा आणि पुढचे क्राऊन-पिनियन तपासायला हवे.

युद्धातल्या जीपांत ‘टी-८४’ नावाचा तीन गिअरचा डबा असे. तो जरा नाजूक. युद्धानंतर त्याच्या जागी ‘टी-९०’ आला. तोही तीनच गिअरचा, पण अंगाने दणकट. दोन्ही अमेरिकेतल्या वॉर्नर गिअर कारखान्याचे. आपल्याकडच्या जुन्या पेट्रोल जीपांत बहुतेक टी-९० सापडतो. १९८० नंतरच्या डिझेल जीपांत चार गिअरचे आणि पुढे पाच गिअरचे डबे आले. त्यांचे सामान वेगळे. वडापच्या कमांडरचा गिअर तुमच्या आजोबांच्या पेट्रोल जीपला बसेल असे कोणी म्हणाले, तर त्याला चहा पाजा, पण पैसे देऊ नका. डब्याच्या बाहेरच्या अंगावर ओतीव अक्षरे आणि आकडे असतात. वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेल त्यावर बसलेले असते. तारेचा ब्रश आणि थोडे डिझेल घेऊन ते साफ करा, आणि जसे दिसते तसे वहीत उतरवून घ्या.

खरी मेख आहे ती मागच्या डब्यात. या ट्रान्सफर केसला ‘स्पाइसर १८’ किंवा ‘डाना १८’ म्हणतात. नाव एक, पण पोटातला मधला शाफ्ट वेळोवेळी जाड होत गेला. युद्धातल्या जीपांत तो पाऊण इंची, म्हणजे आपल्या मिस्त्रीच्या भाषेत सहा सुती. १९४६ पासून नऊ सुती आला. आणि साधारण १९५३-५४ पासून दहा सुती, म्हणजे सव्वा इंची. शाफ्ट बदलला की त्यावरचा गिअर, आतले बारीक रोलर, दोन्ही बाजूंच्या चकत्या आणि डब्याचे भोक, सगळेच बदलते. बाहेरून मात्र तिन्ही डबे भावंडांसारखे दिसतात. सहा सुती डब्यासाठी दहा सुती शाफ्टचा गिअर आणून ठेवला आणि मग ‘माल खोटा निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडण झाले, असे होताना मी पाहिले आहे. त्यात दुकानदाराचा काय दोष? डबा उघडण्याआधीच त्याच्या मागच्या बाजूला या शाफ्टचे तोंड दिसते, छोट्या पट्टीने अडवलेले. तिथेच माप घ्या. तुमच्या गाडीच्या कागदावर कोणते साल आहे यावर विसंबू नका. लिलावातल्या गाड्यांचे डबे सरकारी वर्कशॉपातही अदलाबदल झालेले असतात.

डबा उघडल्यावर प्रत्येक गिअरचे दात मोजा. मोजताना एका दातावर खडूची खूण करा, नाहीतर मोजणी चुकते. शाफ्टवरच्या उभ्या खाचा मोजा. शाफ्टची आणि भोकाची जाडी व्हर्निअरने घ्या. व्हर्निअर नसेल तर तालुक्याला लेथवाल्याकडे नेऊन मोजून आणा. लक्षात असू द्या, या जुन्या जीपची मापे इंचांत आहेत, मिलिमीटरमध्ये नाहीत. चौदा नंबरचा पाना जबरदस्तीने बसवून नट गोल करून ठेवणारे हात पुष्कळ आहेत.

आणि एक काम घरातल्या मुलांवर सोपवा. मोबाइलवर प्रत्येक भागाचा फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवायला सांगा. दोनशे कोसांवरच्या दुकानदाराला त्या पट्टीवरून निम्मे काम कळते.

आता यादी करा, म्हणजे एक गंमत दिसेल. मिस्त्रीने ‘मिळत नाही’ म्हणून सांगितलेल्या वस्तूंतल्या निम्म्या कुठेही मिळतात. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो. तो नंबर सांगितला की कोणताही बेअरिंगवाला देतो, त्याला जीप माहीत असण्याची गरज नाही. ऑइल सील मापावर मिळते. पॅकिंग तर जाड पॅकिंग कागद आणून, डब्याच्या कडेवर ठेवून, छोट्या हातोडीने टोकून घरी कापता येते. गोळ्या, स्प्रिंगा, सर्कलिप, हे सारे बाजारातले साधे सामान. खरोखर शोधावे लागतात ते चार-पाचच भाग: खालचा जोड गिअर, ज्याला मिस्त्री क्लस्टर म्हणतात, मुख्य शाफ्ट, दुसरा गिअर, सिंक्रोचा हब, आणि डब्याचे ओतीव अंग फुटले असेल तर तो डबा. क्लस्टर हा एकाच पोलादात कापलेला चार गिअरांचा तुकडा असतो. त्यातला एक दात गेला तरी सारा तुकडा बदलावा लागतो, म्हणून त्याची मागणी फार आणि भावही चढा.

शोधायला कुठे जाल? आधी लांब जाऊ नका. ज्या तालुक्याला वर्षानुवर्षे वडाप चालते, तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या फळीवर काय पडलेले असते ते त्यालाही आठवत नसते. पोलीस, जंगल खाते, जिल्हा परिषद यांच्याकडे एके काळी जीपांचाच ताफा होता. तिथल्या वर्कशॉपांतून निवृत्त झालेले लोक तुमच्याच पंचक्रोशीत आहेत. त्यांना सामान कुठे गेले हे ठाऊक असते. त्यानंतर पुण्याची नाना पेठ. नव्या-जुन्या मोटारींच्या सामानाची तिथे दुकानामागून दुकाने आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुन्या गाड्या सुट्या होतात. उत्तरेकडे जीपचे वेड आपल्यापेक्षा अधिक. दिल्लीत नव्या सामानासाठी काश्मिरी गेट आणि जुन्यासाठी मायापुरी ही नावे सगळे मिस्त्री घेतात. हरियाणात पंजाबच्या सीमेवर डबवाली नावाचे गाव आहे, ते तर जुन्या जीपा नव्याने उभारून देण्यासाठीच ओळखले जाते.

पण जुना भाग पाठवून नमुना दाखवल्याशिवाय किंवा मोजमाप कळवल्याशिवाय कोणालाही पैसे धाडू नका. त्याने दात मोजून सांगितले पाहिजेत, आणि त्याने सांगितलेला आकडा तुमच्या वहीतल्या आकड्याशी जुळला पाहिजे. पावती मागा. चोरीच्या गाडीचे सामान स्वस्त मिळते, पण ते घेणेही गुन्हाच.

वापरलेला गिअर हातात आला की त्याचे परीक्षण बैल पारखावा तसे करा. दाताच्या तोंडावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे दिसले तर वरचा कडक थर गेला आहे. दाताची टोके गोल झाली असतील तर तो गिअर घसरणारच. निळसर झाक असेल तर तो तेलावाचून तापलेला आहे. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी गिअर डिझेलमध्ये बुडवून ठेवा, मग कोरड्या फडक्याने लख्ख पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेले डिझेल झिरपून खडूवर रेघ उमटते.

कोणी म्हणेल, तुटलेल्या दातावर वेल्डिंग करून देतो. नको. गिअरचे अंग आतून चिवट आणि वरून कडक केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कडकपणा जातो, आणि तो दात एक दिवस भरल्या गाडीत चढावर सुटतो. सुटलेला तुकडा इतर गिअरांत अडकून ज्यांना काही झाले नव्हते त्यांचेही दात पाडतो. नवा गिअर कापून घेणे हा मार्ग मात्र चांगला आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी नमुन्यावरून काम करणारे कारागीर आहेत. पण विचारायचे असते ते हे: पोलाद कोणते वापरणार? ‘ईएन ३५३’ किंवा ‘२० एमएन सीआर ५’ ही गिअरची पोलादे आहेत. आणि कापल्यावर त्याला कडक करून आणणार ना? लोहार विळ्याला पाणी देतो तशीच ही गोष्ट, फक्त भट्टीत आणि मोजून केलेली. साध्या लोखंडाचा चकचकीत गिअर दिसायला सुरेख असतो, पण एका हंगामात मेणासारखा झिजतो. शक्य असेल तर एकमेकांत फिरणारे दोन्ही गिअर जोडीने बदला. नव्याला जुना झिजलेला जोडीदार दिला तर घरघर कायमची.

आता ज्यात सर्वांत जास्त पैसा बुडतो ते सांगतो. सामान मिळेना म्हणून पुष्कळ जण दुसरी मोडकी जीप आख्खी विकत घेतात. विचार वाईट नाही. पण तिचा पुढचा किंवा मागचा ॲक्सल आपल्या गाडीला जोडला, की घात होऊ शकतो. युद्धातल्या जीपच्या क्राऊन-पिनियनला ३९ आणि ८ दात असत, म्हणजे शाफ्टचे सुमारे ४.८८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. नंतरच्या नागरी जीपांना ४३ आणि ८ दात, म्हणजे सुमारे ५.३८. मागे एक आणि पुढे दुसरा बसला तर दोन चाकांवर गाडी छान चालते, कुणाला शंकाही येत नाही. पहिल्या पावसात चिखलात अडकल्यावर चारही चाके जोडली, की पुढची चाके एक वेग मागतात आणि मागची दुसरा. चिखलात चाके घसरून निभावते. तशीच गाडी डांबरी रस्त्यावर आली की तो ताण जायला जागा नसते, आणि ट्रान्सफरचे दात जातात. घरचे म्हणतात, ‘‘आत्ताच तर गिअर बदलला होता!’’

हे तपासायला डबा उघडावा लागत नाही. सपाट जागी गाडी उभी करा. जे चाक जमिनीवर राहणार त्याला पुढून-मागून दगड लावा. मागचे एकच चाक जॅकवर उचला, गिअर न्यूट्रल करा, पुढच्या चाकांची जोडणी सोडवा आणि हँडब्रेक सोडा. उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा, आणि दुसऱ्याने शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजावेत. पाचाला किंचित कमी पडले तर ४.८८, पाचाच्या वर सुमारे एकतृतीयांश गेले तर ५.३८. पुढच्या ॲक्सललाही असेच करा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. दगड लावण्याचे मुद्दाम सांगतो आहे. या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट खोलून काढला की हँडब्रेक कितीही ओढा, गाडी थांबत नाही. लेकरे भोवती खेळत असतात, तेव्हा शाफ्ट काढण्याआधी चारही चाकांखाली दगड.

डबा परत जोडताना मिस्त्रीच्या शेजारी बसा. गिअरच्या वरच्या झाकणात आणि ट्रान्सफरच्या दांड्यांमध्ये अडसराचा एकेक छोटा तुकडा असतो, वाटाण्याएवढा. गिअरबॉक्समधला तुकडा एका वेळी दोन गिअर पडू देत नाही. ट्रान्सफरमधला, पुढची चाके जोडल्याशिवाय कमी गती पडू देत नाही. खोलताना हा तुकडा घरंगळून मातीत जातो, आणि ‘चालतंय की’ म्हणून डबा तसाच बंद होतो. मग कधीतरी दोन गिअर एकदम पडून डबा जाम होतो. चालत्या गाडीत हे झाले तर चाके आवळतात. म्हणून खोलण्याआधी खाली जुने धोतर किंवा साडी अंथरा. बेअरिंगच्या झाकणाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या निघतील, त्याही फेकू नका. शाफ्टचा ढिलेपणा त्यांवरच ठरतो. प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी घालून. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांना याहून चांगले काम नाही, कारभारीण देत असेल तर.

तेल भरताना दोन्ही डब्यांची पातळी वेगवेगळी पाहा, कारण मधले सील झिजले की एका डब्यातले तेल दुसऱ्यात जाते. एक तुडुंब, दुसरा कोरडा. तेल ९० नंबरचे, पण डब्यावर ‘जीएल-४’ लिहिलेले घ्या. काही ‘जीएल-५’ तेलांतली रसायने पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत.

कागदांचेही थोडे बोलू. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसतील, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. पण ती नोंद घेतली की गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. ज्यांना शेतावर जुंपायची आहे त्यांनी या भानगडीत पडू नये.

जोडणी झाल्यावर पहिले काही दिवस गाडी मोकळीच चालवा. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, तेव्हा गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नका. शे-दोनशे किलोमीटर झाले की तेल गरम असतानाच एका पसरट भांड्यात काढा आणि त्यात लोहचुंबक फिरवा. करड्या पिठासारखा लगदा चिकटला तर काळजी नाही, तो नव्या दातांचा घासलेला कीस. टोचणारा तुकडा मिळाला तर गाडी तिथेच उभी करून मिस्त्रीला बोलवा, आणि तो तुकडा जपून ठेवा.

पुढच्या खेपेस क्लच प्लेटविषयी.